जुन्या घडीच्या चाकूची मूठ कशाची? दर्शनी भाग सोडा, कड पाहा

प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या ट्रंकेतून घडीचे पाच जुने चाकू निघाले. एकावर शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा शिक्का आहे आणि मूठ पिवळसर पांढरी. दुसरा खडबडीत तपकिरी मुठीचा. तिसरा अमेरिकेच्या केस कंपनीचा, त्याच्या पात्याच्या मुळाशी ६२०८७ हा आकडा. चौथा काळाकुळकुळीत, नाव झिजून गेलेलं. पाचवा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि एकाच ट्रंकेत राहूनही याचंच पातं बाकीच्या चौघांपेक्षा कितीतरी जास्त गंजलेलं. मुठी कशाच्या आहेत ते कसं ओळखायचं, आणि सुई लाल तापवून टोचून पाहिली तर चालेल का?

सुई अजिबात नको. वर्णनावरून तुमचा पाचवा चाकू जवळजवळ नक्की सेल्युलॉइडचा आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. त्याला तापलेली सुई लागली तर ते भसकन पेटतं. बाकीच्यांतली पांढरी किंवा काळी मूठही सेल्युलॉइडची निघू शकते, आणि नसली तरी तिला कायमचं भोक पडेल. एवढं करून हाती काय लागतं? हाड, शिंग आणि दुधापासून बनवलेलं केसीन, तिन्हींचा जळका वास नवख्या नाकाला साधारण सारखाच येतो. वस्तू डागाळायची आणि उत्तरही नाही मिळायचं, असा हा प्रकार. मी वर्षानुवर्षं जुने चाकू दुरुस्त करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या चांगल्या चांगल्या मुठींवर असे काळे ठिपके पाहून जीव हळहळतो.

आता मुद्द्याचं. चाकूच्या मुठीचा दर्शनी भाग बहुतेक वेळा सोंग घेतलेला असतो. शेफिल्डला एकोणिसाव्या शतकात सांबरशिंग आणि म्हशीचं शिंग आपल्याकडून जायचं, हस्तिदंत आफ्रिकेतून यायचा. हा सगळा महाग माल. गुरांच्या पायाच्या नळीचं हाड मात्र स्वस्त. मग त्या हाडावर खाचा पाडायच्या, रंग द्यायचा आणि सांबरशिंगाचा आभास निर्माण करायचा. १८७०च्या सुमारास अमेरिकेत हायट बंधूंनी सेल्युलॉइड बाजारात आणलं, आणि पुढे त्यातून हस्तिदंत, शिंपला, कासवाचं कवच, शिंग यांतलं हवं ते सोंग वठवता येऊ लागलं. १९६०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीचं डेलरिन हे कडक प्लास्टिक आलं आणि ते हाडाची नक्कल करू लागलं, जे हाड मुळात सांबरशिंगाची नक्कल करत होतं. म्हणून समोरून फोटो काढून ‘ही मूठ कशाची?’ असं विचारलं तर जाणकारही फसतो. सोंग फक्त समोरच्या बाजूला असतं. मुठीच्या टोकाला, पाठीच्या कडेला आणि रिवेटच्या भोवती मूळ पदार्थ उघडा पडतो. बघायचं ते तिथे.

चाकूची रचना एकदा डोळ्यांखालून घाला. मधे पितळेचे किंवा लोखंडाचे पातळ पत्रे असतात, त्यांना लायनर म्हणतात. लायनरच्या बाहेरच्या अंगाला दोन पट्ट्या रिवेटने बसवलेल्या असतात, त्याच आपल्या मुठीच्या पट्ट्या. एका किंवा दोन्ही टोकांना धातूची टोपी, म्हणजे बोल्स्टर. बोल्स्टर एकाच टोकाला असेल तर दुसरं टोक उघडं असतं आणि तुमचं निम्मं काम तिथेच होतं. दोन्ही टोकं झाकलेली असतील तर पाठीच्या बाजूने पट्टीची जाडी दिसते, ती पाहायची. हत्यारं म्हणाल तर घड्याळजी वापरतात ते दहापट भिंग, मोबाइलचा टॉर्च आणि जमलं तर ३६५ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. एवढं पुरतं. आणि तपासून होईपर्यंत काही घासू-पुसू नका. शिकलगाराकडे देऊन बफवर तर मुळीच टाकू नका. छिद्रांत बसलेला जुना मळ हाच पुष्कळदा पुरावा असतो.

पांढऱ्या मुठीपासून सुरुवात करू. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पांढरी मूठ दिसली की ती हस्तिदंती म्हणूनच सांगितली जाते. खरे उमेदवार तीन: हाड, हस्तिदंत आणि हस्तिदंती रंगाचं सेल्युलॉइड.

हाड ओळखणं सर्वांत सोपं. जिवंत हाडातून रक्तवाहिन्या जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. पट्टी हाडाच्या लांबीच्या दिशेने कापलेली असल्यामुळे समोरून त्या नळ्या आखूड, बारीक, करड्या रेघोट्यांसारख्या दिसतात आणि टोकाला त्यांचेच ठिपके होतात. वर्षानुवर्षांचा हाताचा मळ त्यांत बसतो, त्यामुळे जुन्या हाडात त्या आणखी उठून दिसतात. भिंगाखाली एकदा हे ठिपके दिसले की विषय संपला. हस्तिदंतात असे ठिपके कधीच नसतात.

हस्तिदंताची खूण निराळी. सुळा आडवा कापला तर कापलेल्या तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते, तिला श्रेगर रेषा म्हणतात. हत्तीच्या सुळ्यात बाहेरच्या कडेजवळ या रेघांमधला कोन मोठा असतो, साधारण ११५ अंशांच्या पुढे. मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्यात तो ९० अंशांहून कमी भरतो. पण अडचण अशी की चाकूची पट्टी लांबीच्या दिशेने कापलेली असते. मग जाळी दिसली तर ती उघड्या टोकाला, तीही जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाडीत. समोरून दिसतात त्या फक्त पुसट, लहरत जाणाऱ्या लांबट छटा. चाकू हातात कलता केला की त्या कुठे उठतात, कुठे विरून जातात. सेल्युलॉइडच्या नकलीतही अशा रेघा मुद्दाम घातलेल्या असतात, पण त्या आखल्यासारख्या समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका जाडीच्या. इतकी शिस्त हत्तीच्या सुळ्यात नसते. रंगाकडेही बघा. हस्तिदंत जिथे हात आणि हवा लागते तिथे पिवळा पडतो, लायनरला चिकटलेली बाजू फिकी राहते. सेल्युलॉइड मात्र आतून-बाहेरून एकसारखं पिवळं.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च अंधाऱ्या खोलीत मारला तर हाड आणि हस्तिदंत दोन्ही निळसर पांढरे चमकतात. जुनं प्लास्टिक बहुधा मंद, मळकट दिसतं. म्हणजे या टॉर्चने प्राणिज आणि कृत्रिम यांतला फरक कळतो, हाड की हस्तिदंत ते कळत नाही. ते काम भिंगाचं. शिवाय रंगवलेल्या हाडात रंगामुळे ही चमक दबते, तेव्हा तपकिरी मुठीवर टॉर्चच्या जोरावर निकाल देऊ नका. टॉर्चचा खरा फायदा दुरुस्ती शोधायला होतो: तडा जाऊन भरलेला असेल तर भरलेली जागा वेगळ्याच रंगाची दिसते.

रॉजर्सचं नाव असल्यामुळे हस्तिदंताची शक्यता वाढते, हे खरं. या कारखान्यातला हस्तिदंताचा साठा पाहायला पाहुणे यायचे, इतकी त्याची ख्याती. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी याच कंपनीने ‘नॉरफोक नाइफ’ हा ७५ पात्यांचा अवाढव्य चाकू केला, त्याची मूठ कोरीव शिंपल्याची आहे. पण त्याच कंपनीने हाडाचे, शिंगाचे साधे चाकूही ढिगाने विकले. आणि रॉजर्सशी मिळतीजुळती नावं कोरलेला माल फार पूर्वीपासून बाजारात आहे. अस्सल शिक्क्यात एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंदावत जाणाऱ्या चार हातांचा) असतो, तो भिंगाखाली शोधा. मुकुटाशेजारी ‘व्ही आर’ अक्षरं असतील तर ती व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे १९०१च्या आतली. ‘जी आर’ असेल तर जॉर्ज राजांच्या काळातला, म्हणजे बहुधा १९१० नंतरचा. ‘इंग्लंड’ हा शब्द असणं-नसणं यावरून पुष्कळजण वय काढतात. तो नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी १८९१पासून लागू झाला. हिंदुस्थानात विकायला आलेल्या चाकूला तो जसाच्या तसा लावू नका.

पात्याचं वय आणि मुठीचं वय यांची सांगड घालून बघायची सवय लावून घ्या. व्हिक्टोरियाच्या शिक्क्याच्या चाकूला डेलरिनची मूठ असेल तर मूठ नंतर बदललेली आहे, दुसरा अर्थ निघत नाही.

पांढरी मूठ हस्तिदंताची निघाली तर तिला हात लावण्याआधी कायदा लक्षात घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. १९८६च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दंताचा व्यापार बंद झाला, १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकन दंताचाही. आजोबांची वस्तू आहे म्हणून ती विकता येत नाही, आणि परदेशातल्या भाचीला कुरियरने पाठवताही येत नाही. वारशाने आलेल्या अशा वस्तूंची माहिती वन विभागाला कळवण्याची तरतूद कायद्यात आहे. जवळच्या वन कार्यालयात जाऊन आधी चौकशी करा, मगच पुढचं. हेच सांबरशिंगाला लागू, आणि कासवाच्या कवचालाही. परदेशात असलेल्या मराठी मंडळींनी जुन्या बाजारातून असा चाकू घेऊन भारतात येताना सामानात टाकू नये, विमानतळावर तो जप्त होऊ शकतो.

आता खडबडीत तपकिरी मूठ. इथे सांबरशिंग, खाचा पाडलेलं हाड आणि क्वचित छापातून काढलेलं शिंग यांत निवड करायची आहे. ज्यांच्या घरी सांबरशिंग उगाळून लावायची पद्धत होती त्यांनी त्याचा तुकडा हातात धरलेला असतो, त्यांना सांगायला नको. शिंगाच्या बाहेरच्या अंगावरचे उंचवटे निसर्गाने केलेले असतात. ते लांबीच्या दिशेने वाहतात, मधेच रुंदावतात, विरतात, दोन एकत्र येतात. खोलगट भाग गडद तपकिरी, उंचवट्यांची माथी झिजून साईसारखी फिकी. चाकूच्या दोन बाजूंच्या पट्ट्या एकमेकींशी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. टोकाला पाहिलं तर बाहेरून भरीव कडा आणि आत जाळीदार, सच्छिद्र गाभा. सांबराच्या शिंगात भरीव भाग जाड असतो, म्हणूनच जगभरच्या चाकूवाल्यांनी त्याला पसंती दिली. भारतातून ते बाहेर जाणं १९९०च्या दशकाच्या अखेरीस थांबलं, त्यानंतर सांबरशिंगाच्या मुठीच्या जुन्या चाकूंचे भाव परदेशात वाढत गेले.

हाडावरच्या खाचा मात्र यंत्राने पाडलेल्या. फिरत्या पात्याने हाडाचा कपचा उडवत जायचं, त्यामुळे प्रत्येक खाच आखूड, खोलगट, आणि सगळ्या मिळून ओळीत. खाचेच्या तळाशी रंग दाट, माथ्यावर झिजलेला. रंग हाडाच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून रिवेटच्या भोकाच्या काठावर किंवा कपचा उडालेल्या कोपऱ्यावर आतला पांढरा भाग दिसतो. एवढी एक खूण पुरे. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या रॉजर्स कंपनीने केलेल्या खाचांची एक धाटणी प्रसिद्ध आहे. शेफिल्डच्या रॉजर्सशी तिचा संबंध नाही, नावाने गोंधळू नका. दुसरी विंटरबॉटमची, लांबट रेघांची. क्वीन कंपनीच्या चाकूंवर ती खूप दिसते आणि हाडात केलेल्या नकलांमध्ये सांबरशिंगाच्या सर्वांत जवळ जाते. चकवा देणारा आणखी एक प्रकार म्हणजे ‘सेकंड कट’. सांबरशिंगाची बाहेरची साल काढून घेतल्यावर उरलेल्या आतल्या भागावर हाडासारख्या खाचा पाडायच्या. समोरून हाड, टोकाला शिंग. पुन्हा टोकच बघायचं.

केसच्या चाकूचं निम्मं उत्तर त्या आकड्यातच आहे. केस कंपनीच्या पद्धतीत पहिला आकडा मुठीचा पदार्थ सांगतो, दुसरा पात्यांची संख्या, उरलेला साचा, म्हणजे चाकूचा नमुना, कोणता ते. १ म्हणजे अक्रोडाचं लाकूड, ३ म्हणजे पिवळं कृत्रिम, ५ सांबरशिंग, ६ खाचांचं हाड, ८ शिंपला, ९ शिंपल्याची नक्कल. म्हणजे तुमचा ६२०८७ हा हाडाच्या मुठीचा, दोन पात्यांचा चाकू झाला. कागदावर. कारण १९६७पासून केसने काही साच्यांना डेलरिनची मूठ बसवायला सुरुवात केली आणि तीसुद्धा याच ‘६’मध्ये घातली. या साच्यात डेलरिन फार सापडतं. तेव्हा आकड्यावर थांबू नका.

डेलरिन साच्यात ओतलेलं असतं. त्याच्या खाचांच्या कडा किंचित गोलसर, मऊ असतात. हाडाच्या खाचांची धार कापलेली असते. हाडात खाच कडेपर्यंत येऊन सरळ बाहेर निघून जाते, डेलरिनमध्ये पुष्कळदा ती कडेच्या आत थांबते. रंग आरपार एकच. भिंगाखाली एकही छिद्र नाही. आणि सर्वांत खात्रीची गोष्ट, त्याच साच्याचा दुसरा चाकू मिळाला तर दोघांवरच्या खाचा एकेक करून जुळतात. वय काढायला शिक्क्याखालचे ठिपके मोजा: १९७० साली केसने पात्याच्या शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक कमी करत नेला. ठिपके नसून नुसतं ‘केस एक्सएक्स यूएसए’ असेल तर तो १९६५ ते १९६९मधला. नुसतं ‘केस एक्सएक्स’ असेल तर १९६४ किंवा त्याआधीचा, म्हणजे डेलरिनच्या आधीचा, आणि मूठ मूळची असेल तर हाड धरायला हरकत नाही.

अशीच सोय रेमिंग्टनच्या चाकूंत आहे, फक्त तिथे शेवटचा आकडा पाहायचा. रेमिंग्टनने चाकू केले ते १९२० ते १९४०च्या दरम्यान. ३वर संपला तर हाड, ४ शिंपला, ५ म्हणजे पायरेमाइट (त्यांच्या सेल्युलॉइडचं व्यापारी नाव), ६ सांबरशिंग, ८ कोकोबोलो लाकूड. संग्राहक ज्या आर ११२३च्या मागे असतात, तो हाडाचा. त्याचाच भाऊ आर ११२८ लाकडाचा.

काळी मूठ मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण इथे खरा कस लागतो. म्हशीचं शिंग, आबनूस, एबोनाइट, काळं सेल्युलॉइड, क्वचित बेकेलाइट हे जुनं कडक प्लास्टिक: टेबलावर ओळीने ठेवले तर दोन फुटांवरून सगळे एकच.

आधी टॉर्च घ्या. मोबाइलचा दिवा पट्टीच्या पातळ कडेला मागून लावा. म्हशीचं शिंग तिथे तपकिरी, मधाळ रंगाचं उजळतं, आणि त्यात लांबीच्या दिशेने जाणारे तंतू दिसतात. बाकी चौघे बहुधा अपारदर्शक राहतात. शिंग म्हणजे केरॅटिन, आपल्या नखाचा पदार्थ. थरांचं बनलेलं असल्यामुळे जुनं झालं की कडेला पापुद्रे सुटतात, बोल्स्टरजवळ ते उचललं जातं. आणि किडे ते खातात. मुठीवर नागमोडी, उथळ, खरवडल्यासारखे खड्डे दिसले तर घेणारा नाक मुरडतो, पण पदार्थ कोणता ते त्या किड्याने सांगून टाकलेलं असतं. सेल्युलॉइडला किंवा एबोनाइटला तो असे खड्डे पाडत नाही.

आबनूस लाकूड आहे, म्हणून भिंगाखाली त्यात आखूड, बारीक, सुटी सुटी छिद्रं दिसतात, शिंगासारखे सलग तंतू नाहीत. हाताला ते कोरडं लागतं. आबनुसाच्या नावाखाली काळं रंगवलेलं साधं लाकूडही खपवलेलं असतं, तिथेही रिवेटच्या काठावर खरा रंग दिसतो.

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. नेल्सन गुडइयरचं पेटंट १८५१चं. उजेडात राहिलेल्या बाजूने ते काळं राहत नाही, शेवाळी तपकिरी होतं, आणि बोल्स्टरच्या सावलीतली कड काळी राहते. हा रंगफरक दिसला तर अंगठ्याने मूठ जोरात घासा, चांगली गरम होईपर्यंत, आणि लगेच हुंगा. गंधकाचा वास येतो. बेकेलाइटला असंच घासलं तर फिनॉलचा, कार्बोलिक साबणाच्या जातीचा वास येतो. काळं सेल्युलॉइड असेल तर कापराचा. ही घासून हुंगण्याची परीक्षा मी गरम सुईपेक्षा शंभरदा पसंत करतो. तिने काही बिघडत नाही, फक्त अंगठा भाजतो. नाक मात्र ताजं हवं, अगरबत्ती लावलेल्या खोलीत करू नका.

तुमचा काळा चाकू नाव झिजलेला आहे, त्यामुळे मूठच त्याची ओळख. एक सूचना: ट्रंक माळ्यावर वर्षानुवर्षं बंद असेल आणि मुठीवर किड्याचा एकही खड्डा नसेल, तरी शिंगाचा विचार सोडू नका. खड्डा असणं हा पुरावा आहे, नसणं हा नाही.

आणि आता लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. गंजाचं कोडं इथेच सुटतं. सेल्युलॉइड जुनं झालं की आतून कुजू लागतं आणि नायट्रिक आम्लाची वाफ सोडतं. ती वाफ बंद पात्याभोवती कोंडते. पातं उघडा आणि नीट पाहा: गंज पूर्ण पात्यावर सारखा नसेल. चाकू मिटलेला असताना पात्याचा जो भाग पट्ट्यांच्या मधे राहतो तिथे तो दाट असेल, आणि नख घालायची खाच असलेला, बाहेर राहणारा काठ तुलनेने स्वच्छ. पितळी लायनरवर हिरवा थर आला असेल. बोल्स्टर आणि पट्टी यांच्यात बारीक फट पडली असेल, कारण सेल्युलॉइड आक्रसतं. पट्टीच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसायला लागले तर ती मूठ शेवटाकडे निघाली असं समजा. कुजणं उलटं फिरवता येत नाही. उष्ण, दमट हवेत ते वेगाने होतं, आणि कोकणातल्या पावसाळ्याइतकी वाईट जागा त्याला दुसरी नाही.

हा चाकू आजच बाकीच्या चौघांपासून वेगळा काढा. वाफ शेजाऱ्यांनाही गंजवते. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा घट्ट डब्यात ठेवू नका, कोंडलेली वाफ त्याच मुठीला आणखी लवकर खाते. हवा खेळेल अशा कागदी खोक्यात, अंधारात, थंड जागी, आणि देवघरातल्या निरांजनापासून दूर. पात्यावरचा गंज तेल आणि बारीक स्टीलवूलने हळूहळू काढा, वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. हे सगळं करूनही पट्ट्यांच्या त्या रंगांची मजा काही और असते. हाडात किंवा शिंगात तसे रंग येत नाहीत, म्हणूनच चांगल्या स्थितीतले असे चाकू अमेरिकन संग्राहक आवडीने घेतात.

सेल्युलॉइडचा स्वस्त भाऊ म्हणजे पोकळ मुठीचे चाकू. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या इंपीरियल कंपनीने ते भरमसाट काढले. पत्र्याच्या पोकळ कवचावर रंगीत पातळ आवरण चढवायचं आणि कडा दुमडायच्या. नखाने वाजवलं की पोकळ आवाज येतो, समोर रिवेट दिसत नाही, कुठेतरी पोचा असतोच. यात जास्त वेळ घालवू नका.

शिंपल्याची मूठ तुमच्याकडे नाही, पण फळं कापायच्या जुन्या चांदीच्या चाकूंवर ती हमखास असते म्हणून दोन वाक्यं. खरा शिंपला गालाला लावला तर थंडगार लागतो आणि हलवला की आतली झाक जागा बदलते. नकलेत झाक असते, पण कोमट लागते, आणि तिच्यातले चकाकते तुकडे बर्फ फोडल्यासारखे कोनाकोनांचे दिसतात. कासवाच्या कवचाला नकलेपासून वेगळं काढायला पुन्हा भिंग: खऱ्यातले गडद डाग अगदी बारीक ठिपक्यांचे बनलेले असतात, नकलेत ते ढवळलेल्या रंगाचे ओघळ असतात.

हाडाला आणि शिंगाला वर्षातून एकदा लिक्विड पॅराफिनचा एक थेंब कापडावर घेऊन पुसा. खोबरेल किंवा गोडंतेल लावू नका, ते खवट होतं, चिकट होतं आणि किड्यांना आमंत्रण देतं. हस्तिदंताला तेल नको आणि पाणीही नको, नुसतं कोरडं मऊ कापड.

पुन्हा विचाराल तेव्हा फोटो पाठवा, पण समोरचे नकोत. प्रत्येक चाकूचे चार काढा: उघड्या टोकाचा, पाठीच्या कडेचा, एका रिवेटचा अगदी जवळून, आणि पात्याच्या मुळाशी असलेल्या शिक्क्याचा. खिडकीपाशी, फ्लॅश न टाकता, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. रॉजर्सच्या मुठीच्या टोकाचा फोटो आधी, म्हणजे वन कार्यालयात जायचं की नाही ते लगेच कळेल.